बाबांना न ओळखण्याचे दिवस

सिनेमावाले आमच्या गावात आले तेव्हा धानाची कापणी उरकली होती आणि बांध्यांमध्ये, त्याच भातखाचरांत, लाखोरीच्या डाळीचं पीक वर यायला लागलं होतं. आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या पुढे. गावाला लागूनच बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तलाव, पण आमची बोडी तशी काही लहान नाही. तिच्या पाळीवरून, काठच्या मातीच्या बांधावरून, निम्मं गाव रोज शेतात जातं आणि परत येतं. मी गावातल्याच शाळेत शिकवते. आई गेल्यानंतर घरात बाबा आणि मी, दोघंच उरलो.

बाबांची शेती आहे, पण आजूबाजूच्या गावांत त्यांना ओळखतात ते नट म्हणून. पूर्व विदर्भातल्या आमच्या या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम. त्यात बाबांनी तीस वर्षं कामं केली, बहुतेक खलनायकाची. माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज. स्वभावही तसाच. पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा आणायला निघाले की तासाभरानं परत यायचे. वाटेत भेटेल त्याला थांबवून "काय गा, कुठं निघाला?" विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडायचं नाही.

दिग्दर्शक पस्तिशीचा होता. नागपुरात वाढलेला, पुढे बाहेर कुठे सिनेमा शिकून आलेला. त्यानं बाबांना दोन वर्षांपूर्वी एका नाटकात पाहिलं होतं. आमच्या अंगणात बसून त्यानं त्याच्या सिनेमाची गोष्ट सांगितली. एक देश असतो. तिथल्या सरकारनं सगळे तुरुंग बंद केलेले असतात, कारण त्यांची गरजच उरलेली नसते. रोज सकाळी भोंग्यावरून एका माणसाची खूण सांगतात. ज्याच्या दारात शेवगा आहे तो, किंवा जो डाव्या पायानं लंगडतो तो. त्या क्षणापासून तो माणूस कुणाच्या ओळखीचा नसतो. त्याला कुणी मारत नाही, त्याचं घर काढून घेत नाही. फक्त त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

"मंग थो काय करते?" बाबांनी विचारलं.

"हाका मारतो, काका. मग हळूहळू हाका मारणं बंद करतो."

"डायलॉग किती हायेत?"

"सुरुवातीला थोडे. शेवटी एकही नाही."

बाबांना ते पटलं नव्हतं. पण दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला आणि त्या हंगामातलं नाटकाचं काम सोडलं. "आवाज नाई, तं नुसत्या तोंडानं काय होते ते पाहू," मला म्हणाले.

गावातले पन्नास-साठ लोक सिनेमात घेतले गेले. सरपंचांना जरा काळजी होती. त्यांनी सरळ विचारलं, "हे कोणच्या सरकारचं हाये, सायेब? पुढं आमाले तरास नको."

"कोणत्याच नाही," दिग्दर्शक म्हणाला. "असं सरकार कुठेही नाही."

माझ्याकडे आधी काम होतं ते फक्त संवाद आमच्या बोलीत करून देण्याचं. पण एके दिवशी दिग्दर्शक सकाळी शाळेत आला. प्रार्थना संपली होती आणि मी माईकवरून मुलांना सूचना देत होते. त्यानं मागे उभं राहून सगळं ऐकलं आणि नंतर म्हणाला, "मॅडम, भोंग्यासाठी मला तुमचा आवाज हवाय."

"मी काही नटी नाही."

"म्हणूनच. तुमच्या आवाजात राग नाही. तुम्ही ओरडत नाही, तरी मुलं गप्प होतात."

मला ते कौतुक वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमध्ये मला बसवून, दारावर गोधड्या टांगून त्यांनी आवाज भरून घेतला. वाक्यं चार होती. सकाळ झाली आहे. सगळं ठीक आहे. बोडीकाठच्या घरातला उंच माणूस आजपासून कुणाच्या ओळखीचा नाही. आपापल्या कामाला लागा. दिग्दर्शक परत परत म्हणायला लावायचा. सुरुवातीला "उंच माणूस" म्हणताना मला बाबांचा चेहरा दिसायचा आणि आवाज जरासा हलायचा. विसाव्या-पंचविसाव्या वेळी नुसते शब्द उरले. तेव्हा तो म्हणाला, "हे बरोबर आहे."

मग आमच्या गावाचं रूप बदलत गेलं. लाखोरीच्या बांधीत त्यांनी सात दारं उभी केली. भिंती नाहीत, घर नाही, नुसती चौकटीसकट दारं. लोकांनी एकामागे एक रांग लावायची, कडी वाजवायची, दार उघडून पलीकडे जायचं. पलीकडेही तीच बांधी. बोडीच्या काठाजवळ, गुडघाभर पाण्यात टेबल आणि खुर्ची मांडली. तिथे कोरडी इस्त्री केलेली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक साहेब बसायचा आणि पळसाच्या पानांवर शिक्के मारायचा. बायका धुणं आपटता आपटता हसायच्या. "दार कायले लावलं वो, घर कुठं हाये?" म्हणायच्या. चारच दिवसांनी मी पाहिलं, शूटिंग नसतानाही धुणं घेऊन जाणारी एक बाई त्या दारातूनच पलीकडे गेली. बाजूनं मोकळी वाट होती.

बाबांकडे न पाहणं लोकांना जमत नव्हतं. एक तर हसू फुटायचं, नाही तर नको तितकी मान फिरवली जायची. दिग्दर्शकानं सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बसवून शिकवलं. "चटकन नजर फिरवू नका. आधी त्यांच्याकडे पाहा. मनात 'एक' म्हणा. मग नजर पुढे न्या, जशी खांबावरून पुढे जाते." आणि त्यानं एक नियम घातला. सकाळचा भोंगा वाजल्यापासून शूटिंग संपल्याची शिट्टी होईपर्यंत, कॅमेरा असो वा नसो, गावानं बाबांशी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.

फक्त एका माणसानं यात भाग घ्यायला नकार दिला. आमच्या शेताला लागून त्याचं शेत आहे आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, त्याचं आणि बाबांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. सिनेमावाले त्याला विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मी त्याच्याशी तसाबी बोलत नाई. त्याच्यात अॅक्टिंग कायची?"

पहिले काही दिवस बाबांना मजा वाटली. संध्याकाळी घरी येऊन ते सगळ्यांच्या नकला करायचे, कोण कसं पाहतं, कुणाचे ओठ कसे थरथरतात. आठव्या-नवव्या दिवशी नकला थांबल्या. त्याऐवजी ते नुसते बोलत राहायचे. जुनी नाटकं, मेलेले नट, धानाच्या जाती, काहीही. मी पोळ्या करायचे आणि ते चुलीजवळ पाट घेऊन बोलत बसायचे. मग तेही कमी झालं.

शिट्टी वाजली तरी लोकांच्या तोंडून शब्द यायला वेळ लागत होता. पानठेलेवाला मला म्हणाला, "मॅडम, दिवसभर सवय होऊन जाते. काका पुढं येऊन उभे राहतात, मले समजते का हे काका हायेत, पण हातच हालत नाई."

एका सुट्टीच्या दिवशी बाबा न सांगता एसटीनं भंडाऱ्याला गेले. दुपारी पितळी तांब्या घेऊन परत आले. घरात तसे तीन तांबे होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "त्या दुकानदारानं मले नाव इचारलं. गाव इचारलं. चहा पाजला. इतकं बोलला का मी रिकाम्या हातानं कसा उठू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हातून आल्यामुळे तसं दिसत होतं, मला कळलं नाही. मी तांब्या घासून फळीवर ठेवला.

पुढच्या रविवारी शूटिंग नव्हतं. दिग्दर्शक आणि बरीचशी मंडळी साकोलीला गेली होती. फक्त भोंगा दुरुस्त करणारे दोघं शाळेवर होते आणि तपासण्यासाठी त्यांनी माझा आवाज लावला होता. सकाळ झाली आहे. सगळं ठीक आहे. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. मी शेतावरून भाजी घेऊन पाळीनं परत येत होते. स्वतःचा आवाज पाण्यावरून येतो तेव्हा तो आपला वाटत नाही. माझेही पाय क्षणभर थबकले.

बाबा बोडीत होते. साहेबाची खुर्ची रात्रीतून कलंडली होती आणि ती सरळ करायला ते उतरले होते. थंडी म्हणून सिनेमातला तो तपकिरी लांब कोट अंगात होता. उन्हाळ्यात बोडीतला गाळ मशीननं काढला होता. तेव्हा काठाजवळ एक खोल खड्डा राहिला होता आणि तो पुन्हा मऊ गाळानं भरला होता. खुर्चीकडे जाताना त्यांचा पाय त्यात गेला. मी पाहिलं तेव्हा पाणी छातीच्या वर होतं आणि भिजलेला कोट त्यांना खाली ओढत होता.

ते हाका मारत होते. पाळीवर गवताचे भारे घेतलेल्या पाच-सहा बायका होत्या. पलीकडच्या खळ्यावर दोघं जण धान उफणत होते. बाबा एकेकाला नात्यानं हाक मारत होते. "ओ वहिनी! भाऊ, ओ भाऊ! पाय फसला गा!" बायका थांबल्या. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मनात एक म्हटलं असेल. मग त्यांच्या नजरा हळूच पुढे गेल्या आणि त्या चालू लागल्या. खळ्यावरच्या माणसांचं सूप एकदा थांबलं आणि पुन्हा हलू लागलं.

आणि मी. मी पहिल्यांदा कॅमेरा शोधला. झाडाखाली पाहिलं, दारांच्या मागे पाहिलं. कुठे दिसला नाही तेव्हा मला वाटलं, लांब लावला असेल. मी दोन पावलं मागे सरकले, कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊ नये म्हणून. बाबांनी मला पाहिलं. लहानपणी ते मला ज्या लाडाच्या नावानं बोलवायचे त्या नावानं त्यांनी हाक मारली. आई गेल्यापासून ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. संवाद मीच लिहून दिले होते. ते नाव त्यांत नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझे पाय उचलेनात. भोंग्यावर मी म्हणत होते, आपापल्या कामाला लागा.

पाळीच्या पलीकडून तो धुऱ्यावाला धावत आला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, पाण्यात शिरला, दुपट्ट्याचं टोक बाबांकडे फेकलं आणि ओरडला, "अबे, मरतं का? कोट काढ! कोट काढ ना आधी!"

त्याच्या शिव्या ऐकल्या तेव्हा कुठे माझ्या हातातली भाजी पडली आणि मी धावले. बायकाही भारे टाकून धावल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून बाबांना बाहेर ओढलं. ते काठावर पालथे पडून खोकत होते. एक बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मोठमोठ्यानं रडत होती, "आमाले वाटलं शूटिंग हाये हो भाऊ, शूटिंग हाये म्हणून..." धुऱ्यावाल्यानं पाय खंगाळले, चपला घातल्या आणि निघून गेला. बाबांकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. त्या दिवसानंतरही दोघं बोलले नाहीत.

दुपारी दिग्दर्शक घरी आला. बाबा खाटेवर पांघरूण घेऊन बसले होते. तो खाटेजवळ खालीच बसला. मग म्हणाला, "काका, माझी चूक झाली. आपण हे इथेच थांबवू."

"थांबवाल तं लोक म्हणतील, याच्यानं झालं नाई," बाबा म्हणाले. "शेवटचा सीन राहिला ना? करून टाका."

शेवटच्या प्रसंगात सगळं गाव पाळीवरून एका ओळीत जातं आणि बाबा मध्ये उभे असतात. लोकांना ते करताच येईना. त्यांच्याजवळ आलं की कुणाची पावलं अडायची, कुणी पदर तोंडाला लावायचं. एका म्हाताऱ्यानं तर थांबून त्यांचा हात धरला. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. ऊन उतरायला लागलं. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. गर्दीला सूचना द्यायला ठेवलेला भोंग्याचा माईक माझ्या शेजारीच होता.

मी तो हातात घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ती चार वाक्यं म्हटली, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळेला ओळ सरळ चालू लागली. सगळे बाबांवरून पुढे गेले, एकही थांबला नाही. दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला असावा, कारण बाबा एकटे उभे होते आणि कॅमेरा चालूच होता.

सिनेमावाले गेले. दारं काढून नेली, बांधीत चौकटींचे खड्डे राहिले. गाव बाबांशी बोलू लागलं, पूर्वीपेक्षा जास्तच. कुणी भाजी आणून द्यायचं, कुणी तब्येत विचारायचं. पण कुणीही समोरून आलं की आधी पाहायचं, मध्ये जरासं थांबायचं, मगच "राम राम" म्हणायचं. ते थांबणं इतकं लहान होतं की परक्याला कळलंही नसतं. बाबांना कळायचं. ते पानठेल्यावर जाऊन लगेच परत यायला लागले.

शाळेत महिनाभरानंतरची गोष्ट. मी हजेरी घेत होते. तिसरीतल्या एका मुलीचं नाव घेतलं. ती पहिल्या रांगेत, माझ्या समोर बसली होती. तिनं हूं की चूं केलं नाही. मी पुन्हा नाव घेतलं.

"मॅडम, ते नाई हाये," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही म्हणजे? ही काय समोर बसली."

कुणाच्याही चेहऱ्यावर खोडकरपणा नव्हता. सगळी मुलं फळ्याकडे पाहत होती. मी तिच्याजवळ जाऊन वाकले. ती अगदी हळू, मला समजावल्यासारखं म्हणाली, "आज माझा नंबर हाये, मॅडम. उद्या दुसऱ्याचा राहीन."

मुलांवर ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ओरडल्यावर मुलं नक्की गप्प झाली असती. मी त्या मुलीशेजारी सतरंजीवर बसले. तिचा हात हातात घेतला आणि प्रत्येक मुलाला सांगितलं, इथे येऊन हिला आज सकाळी काय खाल्लं ते विचारा. एकेक जण आला. पहिल्या चार-पाच जणांना जीभ वळवायला फार कष्ट पडले. मग एकानं विचारलं आणि ती म्हणाली, "शिळा भात," आणि सगळे हसले. त्यानंतर तो खेळ मी पुन्हा पाहिला नाही. मी नसताना चालत असेल तर सांगता येत नाही. माईकवरच्या सूचना मी तेव्हापासून दुसऱ्या शिक्षिकेकडे दिल्या.

पुढच्या वर्षी दिग्दर्शक सिनेमा घेऊन गावात आला. बाहेर बऱ्याच ठिकाणी तो दाखवला गेला होता. शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांवर ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला. गाव दाटीवाटीनं बसलं. बाबा पुढच्या खुर्चीवर, मी भिंतीला टेकून.

पडद्यावर सगळं ओळखीचं होतं आणि काहीच ओळखीचं नव्हतं. पाण्यातला साहेब दिसला तेव्हा कुणी हसलं नाही. भोंगा वाजला तेव्हा पुढच्या दोन बायकांनी पाठ ताठ केलेली मी पाहिली. मग एक लांब दृश्य आलं. रिकामी बोडी, धुकं, माणूस कुठेच नाही. आणि त्यावर बाबांचा आवाज. "ओ वहिनी! भाऊ, ओ भाऊ! पाय फसला गा!"

तो अभिनय नव्हता. आवाज भरून घेणाऱ्यानं त्या रविवारी पक्ष्यांचे आवाज मिळावेत म्हणून पाळीवरच्या झाडाला यंत्र बांधून ठेवलं होतं. त्यात ते सगळं आलं होतं. माझं लाडाचं नावही. मोठ्या खोलीत, साऱ्या गावासमोर, ते नाव उच्चारलं गेलं आणि त्यापुढे शांतता होती. सूप पाखडल्याचा आवाज, एक टिटवी, लांबून भोंग्यावर मी स्वतः. मी आजवर मनाशी धरून चालले होते की मी फार तर दोन-तीन श्वास थांबले असेन. ती शांतता संपेचना. माझ्या आजूबाजूला कुणीही हललं नाही. मग पडद्यावर दुसरं दृश्य आलं. धुऱ्यावाल्याच्या शिव्या दिग्दर्शकानं कापून टाकल्या होत्या.

सिनेमा संपला तेव्हा ताडपत्र्या कुणी काढल्या नाहीत. लोक अंधारातच उठून एकेक करून गेले. दिग्दर्शक माझ्याकडे यायला लागला तशी मी बाहेर पडले. हे वापरण्याआधी विचारायला हवं होतं, असं त्याला सांगायचं होतं. पण त्याला जाब विचारायचा हक्क मला उरला होता का, हे मला ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि ओसरीवर बसले. मी चहा आणून दिला. मी काय विचारणार ते वाटेत ठरवून आले होते.

तेच आधी बोलले. "एक सांग. थ्या हाका. आवाज लटपटला का माझा?"

"हो," मी म्हटलं.

"कुठं?"

"माझं नाव घेताना."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "तीस वर्सं नाटकात मरून राहिलो मी," म्हणाले. "इतकं खरं कधी जमलं नाई. थे चांगलं केलं त्या पोरानं, ठेवलं ते."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते खरोखर खूश होते. निदान तसं दिसत होतं. नटाच्या चेहऱ्याचं मला लहानपणापासून कधीच नक्की सांगता आलेलं नाही. मी पाळीवर मागे सरकले ते त्यांनी पाण्यातून पाहिलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांनी बशी रिकामी करून माझ्या हातात दिली आणि मी ती घेऊन आत गेले. ते मी अजून विचारलेलं नाही.